कोऱ्या पत्त्याचे साडेचौदा तास

सोमवार, २० ऑक्टोबर २०२५. आपल्याकडे नरकचतुर्दशी. सिएटलमध्ये, म्हणजे ॲमेझॉनच्या मुख्यालयाच्या गावी, अजून रविवारची रात्र चालू होती. त्या सुमारास उत्तर व्हर्जिनियातल्या ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसच्या, अर्थात एडब्ल्यूएसच्या, डेटा सेंटरांत पत्ते आपोआप लावून देणाऱ्या एका यंत्रणेने एका मोठ्या नावापुढचे सगळे पत्ते पुसून टाकले. कुणी हल्ला केला नव्हता, केबल तुटली नव्हती, कुणाच्या हातून चुकीची आज्ञाही गेली नव्हती. तरी त्यातून सावरायला साडेचौदा तास लागले.

कंपनीने नंतर सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. खालच्या बहुतेक वेळा त्यातल्या, काही त्या दिवशीच्या जाहीर स्थितीफलकावरच्या. वेळा भारतीय आहेत, कंसात सिएटलच्या. त्या दिवशी सिएटल आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे होते आणि व्हर्जिनिया साडेनऊ तास.

आधीची व्यवस्था

नेटवर्कवर बोलायचे तर प्रत्येक यंत्राला आकडी पत्ता लागतो. घरातला वाय-फाय राउटर हे पत्ते स्वतःच वाटतो. मोबाइल घरात शिरला की पत्ता मागतो, राउटर आपल्या यादीतला मोकळा पत्ता काढून देतो, पण ठरावीक मुदतीपुरताच. या मुदतीच्या कराराला लीज म्हणतात. निम्मी मुदत सरली की मोबाइल आपणहून नूतनीकरण मागतो. उत्तर आले नाही तर मुदतीचा आठवा हिस्सा उरला असताना तो नेटवर्कवरच्या कुठल्याही सर्व्हरला साद घालतो. तेही फुकट गेले तर मुदत संपताच पत्ता सोडून देतो. या पद्धतीचे नाव डीएचसीपी. राल्फ ड्रोम्स यांनी लिहिलेला तिचा नियमग्रंथ, आरएफसी २१३१, मार्च १९९७ चा आहे. तो आजही चालतो.

मोठ्या डेटा सेंटरात याला दुसरी बाजू जोडली जाते. तिथे सेवा देणारी यंत्रेच सतत बदलत असतात. मागणाऱ्याला सेवेचे नाव तेवढे माहीत असते, त्या नावाचा आजचा पत्ता डीएनएस सांगते. डायनॅमोडीबी ही एडब्ल्यूएसची २०१२ पासूनची डेटाबेस सेवा. तिच्या एकेका भौगोलिक विभागात डीएनएसच्या लाखो नोंदी सांभाळाव्या लागतात. भार वाटून घेणारी यंत्रे वाढतात, कमी होतात, आजारी पडतात, आणि त्या प्रत्येक बदलाला नोंद हलवावी लागते. माणसाच्या हाताने हे होणे शक्य नाही.

म्हणून काम दोन प्रोग्रॅममध्ये विभागलेले होते. प्लॅनर नावाचा प्रोग्रॅम यंत्रांची तब्येत पाहून, कोणत्या नावापुढे कोणते पत्ते असावेत याचा आराखडा ठरावीक अंतराने नव्याने बनवी. एनॅक्टर नावाचा प्रोग्रॅम तो आराखडा उचलून रूट ५३ या डीएनएस सेवेत प्रत्यक्ष लावी. एक बंद पडला तर काम अडू नये म्हणून एनॅक्टर तीन होते, तीन वेगवेगळ्या इमारतसमूहांत आणि एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र. कागदावर या रचनेत खोट काढायला जागा नव्हती.

शून्य मिनिटाच्या जरा आधी

तिघांपैकी एक एनॅक्टर त्या रात्री रेंगाळला. काही नावांची नोंद लावताना त्याला पुन्हा पुन्हा प्रयत्न करावे लागत होते. त्याच्या हातातला आराखडा हळूहळू जुना होत गेला. प्लॅनर मात्र थांबला नव्हता. तो नवे आराखडे काढतच होता. दुसऱ्या एनॅक्टरने त्यातला ताजा आराखडा उचलला आणि भराभर सगळ्या नावांपुढे लावून टाकला.

पुढे काय झाले ते एसटी स्थानकाच्या फलकावर मांडून पाहू. वेळापत्रक डकवणारे दोन कर्मचारी आहेत. पहिल्याने निघताना खात्री केली की आपल्या हातातला कागद सर्वांत नवा आहे. वाटेत तो अडकला. तेवढ्यात दुसऱ्याने आणखी नवा कागद सगळ्या फलाटांवर डकवला आणि जुने कागद गोळा करून फाडायला घेतले. इतक्यात पहिला पोचला. आपण खात्री केलेलीच आहे म्हणून त्याने शिळा कागद नव्यावर डकवला. दुसऱ्याने पाहिले, हा तर फार जुना कागद. त्याने तो फाडला. फलक कोरा राहिला. दोघांनीही आपापले काम नियमाने केले.

पहिल्या एनॅक्टरची 'माझा आराखडा नवा आहे' ही पडताळणी काम सुरू करतानाची होती. आराखडा लावताना ती शिळी झाली होती, आणि लावण्याच्या क्षणी पुन्हा विचारण्याची सोय प्रोग्रॅममध्ये नव्हती. एरवी काही क्षणांत उरकणारे काम लांबले तेव्हाच ही फट उघडी पडली. सगळे वेळेवर चालले असते तर ती आणखी कित्येक वर्षे कुणाला दिसली नसती.

दुपारी १२.१८ (सिएटल, रात्री ११.४८)

सफाई करणाऱ्या एनॅक्टरने तो जुना आराखडा पुसला. डायनॅमोडीबीच्या उत्तर व्हर्जिनियातल्या मुख्य नावापुढचे सगळे पत्ते त्याच क्षणी गेले. नाव होते, पत्ता नव्हता. शिवाय लागू असलेला आराखडाच नाहीसा झाल्यामुळे यंत्रणा अशा विसंगत अवस्थेत अडकली की तिघांपैकी एकाही एनॅक्टरला नवा आराखडा लावता येईना. स्वतःची चूक स्वतः दुरुस्त करण्याची वाटही बंद झाली. आता माणसानेच हात घालायला हवा होता.

लोकांचा डेटा जागच्या जागी होता. डायनॅमोडीबीचे सर्व्हर चालू होते, त्यांच्याकडे जाणारे रस्ते चालू होते. विचारणाऱ्याला उत्तर मात्र कोरे मिळे. एडब्ल्यूएसच्या स्वतःच्या कितीतरी सेवा डायनॅमोडीबीवर उभ्या आहेत. त्यांनाही त्याच मिनिटाला पत्ता सापडेना.

दुपारी १२.४१ (रात्री १२.११)

जाहीर स्थितीफलकावर पहिली नोंद आली : उत्तर व्हर्जिनियात अनेक सेवांमध्ये चुका आणि विलंब वाढले आहेत, चौकशी चालू आहे.

उत्तर व्हर्जिनिया हा एडब्ल्यूएसचा सर्वांत जुना विभाग, २००६ पासूनचा. जगभरच्या अनेक कंपन्यांचा संसार सवयीने तिथेच थाटलेला. स्नॅपचॅट, रोब्लॉक्स, फोर्टनाइट, सिग्नल, डुओलिंगो, कॅनव्हा, परप्लेक्सिटी यांचे घोडे अडले. ब्रिटनमध्ये सोमवार सकाळचे आठ वाजून गेले होते. लॉइड्स बँकेच्या ग्राहकांना खाती उघडेनात, तिथल्या कर खात्याचे संकेतस्थळ अडखळले. न्यूयॉर्कमध्ये पहाटेचे तीन होते. एट स्लीप कंपनीच्या, थंड-गरम होणाऱ्या आणि इंटरनेटवरून चालणाऱ्या गाद्यांवर झोपलेल्या माणसांना तापमान बदलता येईना. कंपनीच्या प्रमुखाने पुढे माफी मागितली आणि इंटरनेट नसतानाही गादी मोबाइलवरून थेट चालवता येईल अशी सोय करून दिली.

मुंबईतला एडब्ल्यूएसचा विभाग वेगळा आहे आणि तो धडधाकट होता. पण कॅनव्हावर दिवाळीची शुभेच्छापत्रे करू पाहणाऱ्याला त्याचा उपयोग नव्हता. ॲप कुठल्या विभागात उतरले आहे हे वापरणाऱ्याला कळत नाही, आणि त्याने विचारायचे कुणाला हेही नाही.

दुपारी १.०८ (रात्री १२.३८)

पन्नास मिनिटांत अभियंत्यांना मूळ सापडले : डायनॅमोडीबीची डीएनएस नोंद. इतक्या मोठ्या पसाऱ्यात हे जलदच म्हणायचे. एकाच वेळी शेकडो सेवा ओरडत असताना कोणाची ओरड मूळ दुखण्याची आणि कोणाची नुसती कळ, हे निवडणे सोपे नसते.

दुपारी १.४५ (रात्री १.१५)

तात्पुरते उपाय लागू झाले. काही अंतर्गत सेवा डायनॅमोडीबीपर्यंत पोचू लागल्या आणि दुरुस्तीची काही महत्त्वाची हत्यारे पुन्हा हाती आली. म्हणजे तोवर ती हत्यारेही त्याच कोऱ्या पत्त्यापायी निकामी होती.

ग्राहकांची स्थिती याहून चमत्कारिक होती. तक्रार नोंदवण्याची यंत्रणा ठरल्याप्रमाणे दुसऱ्या विभागात सरकली होती. पण खातेदाराची माहिती पुरवणारा तिचा एक भाग चुकीची उत्तरे देऊ लागला आणि हक्काच्या ग्राहकांनाच दारात अडवू लागला. तो भाग गप्प बसला असता तर चालले असते, त्यासाठी पर्यायी वाट ठेवलेली होती. तो बोलतो पण चुकीचे बोलतो, या शक्यतेचा विचार झाला नव्हता.

दुपारी २.३१ (रात्री २.०१)

अंतर्गत शोध लागून जवळपास दीड तास झाल्यावर स्थितीफलकावर पहिल्यांदा डीएनएसचे नाव आले. मधल्या काळात जगभरच्या संगणक विभागांतली माणसे आपापल्या प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसली होती.

दुपारी २.५५ (रात्री २.२५)

सर्व डीएनएस नोंदी पूर्ववत झाल्या. ज्यांनी कोरे उत्तर मधल्या वेळेपुरते साठवून ठेवले होते त्यांची ती साठवण पुढच्या पंधरा मिनिटांत शिळी होऊन गळून पडली. ३.१० पर्यंत डायनॅमोडीबी सर्वांना सापडू लागली. पत्ता कोरा राहिला तो एकूण दोन तास सदतीस मिनिटे.

मूळ दुखणे बरे झाले होते. घटनाक्रम इथेच संपायला हवा होता. पण पुढे अजून बारा तास आहेत, आणि ते सगळे लीजमुळे आहेत.

एडब्ल्यूएसची ईसी२ ही भाड्याने संगणक देणारी सेवा आहे. ग्राहकांचे आभासी संगणक ज्या खऱ्या सर्व्हरांवर चालतात त्यांना कंपनीत ड्रॉपलेट म्हणतात. या ड्रॉपलेटांवर देखरेख करणारा एक व्यवस्थापक प्रोग्रॅम असतो, आणि प्रत्येक ड्रॉपलेटशी त्याची एक लीज चालू असते. दर काही मिनिटांनी विचारपूस व्हायची आणि लीज पुढे सरकायची. लीज जिवंत असेल तरच त्या सर्व्हरवर नवा संगणक उभा करता येतो. डीएचसीपीत पत्त्याची लीज असते, इथे देखरेखीची, तत्त्व तेच.

ही विचारपूस डायनॅमोडीबीच्या भरवशावर होती. १२.१८ पासून ती फसत गेली आणि एकेक करत लीज संपत गेल्या. चालू असलेले संगणक चालूच राहिले, त्यामुळे वरवर काही बिघडले नव्हते. २.५५ ला पत्ता परत आला आणि व्यवस्थापक कामाला लागले. समोर लीज संपलेल्या सर्व्हरांचा समुद्र होता. सगळ्यांशी नवी लीज करायची आणि सगळ्यांशी आत्ताच. काम इतके तुंबले की एक लीज पुरी होईपर्यंत तिची ठरलेली वेळ टळून जाई. टळली की तीच विनंती पुन्हा रांगेच्या शेपटाला लागे. व्यवस्थापक पूर्ण ताकदीने राबत होते आणि काम एक पाऊलही पुढे जात नव्हते. कुणी नवा संगणक मागितला तर 'क्षमता शिल्लक नाही' असे उत्तर जाई. क्षमता होती, तिच्यावर सही करायला कुणी मोकळा नव्हता.

दुपारी ४.०५ (पहाटे ३.३५)

स्थितीफलक म्हणाला, डीएनएसची अडचण पूर्णपणे दूर झाली आहे. ते खरे होते. नवे संगणक सुरू होत नव्हते, हेही खरे होते.

या तासांविषयी अहवालात एक कबुली आहे, आणि सबंध दस्तऐवजात तिच्याइतके महत्त्वाचे दुसरे काही नाही : या अवस्थेतून बाहेर पडण्याची ठरलेली कार्यपद्धती उपलब्ध नव्हती. म्हणून अभियंते जपून पावले टाकत होते. एक उपाय करायचा, परिणाम पाहायचा, मग दुसरा. तुंबलेल्या यंत्रणेला घाईने धक्का दिला तर जे चालू आहे तेही बंद पडायचे.

दुपारी ४.४४ (पहाटे ४.१४)

अखेर उपाय सापडला तो जुनाच आणि साधा. येणाऱ्या कामाला आवर घालायचा आणि व्यवस्थापक निवडून निवडून बंद करून पुन्हा चालू करायचे. बंद-चालू केले की त्यांच्यापुढची रांग पुसली जाई, हात मोकळे होत आणि लीज वेळेत पुऱ्या होऊ लागत.

संध्याकाळी ५.५८ (पहाटे ५.२८)

विभागातल्या सर्व ड्रॉपलेटांशी लीज झाल्या. नवे संगणक उभे राहू लागले, तेही मोजून मापून, कारण आवर अजून कायम होता.

नव्या संगणकाला नुसते उभे राहून भागत नाही. त्याचा पत्ता कोणता, शेजारी कोण, बाहेर जायची वाट कुठली, ही माहिती त्याच्यापर्यंत आणि त्याच्या शेजाऱ्यांपर्यंत पोचवावी लागते. ते काम नेटवर्क मॅनेजर नावाच्या यंत्रणेचे. तिच्यापुढे आता दिवसभराचे तुंबलेले बदल येऊन पडले : नवे जन्मलेले संगणक, मधल्या काळात बंद झालेले संगणक, सगळ्यांची माहिती एकदम.

संध्याकाळी ६.५१ (सकाळी ६.२१)

नेटवर्क मॅनेजरही मागे पडला. आता संगणक सुरू होत, पण त्यांना नेटवर्क नसे. ग्राहकाच्या पडद्यावर यंत्र 'चालू' दिसे आणि त्याच्याशी बोलणे होत नसे. आगीतून निघून फुफाट्यात.

संध्याकाळी ७.२२ (सकाळी ६.५२)

तिसरी यंत्रणा कोलमडायला लागल्याचा इशारा वाजला. आलेली वर्दळ अनेक यंत्रांवर वाटून देणारी एनएलबी ही सेवा. तिचे तपासनीस दर थोड्या वेळाने प्रत्येक यंत्राला हटकतात. उत्तर आले नाही तर त्याचे नाव डीएनएसमधून काढतात, आले की पुन्हा घालतात. त्या संध्याकाळी तपासनिसांच्या ताफ्यात नवे संगणक भरती होत होते, आणि त्यांच्यापर्यंत नेटवर्कची माहिती पुरती पोचलेली नव्हती. तपासनीसच बहिरा, त्यामुळे त्याला सगळे मुके वाटत. धडधाकट यंत्रे यादीतून बाहेर काढली जात, पुढच्या तपासणीत परत घेतली जात, पुन्हा काढली जात. या येण्याजाण्याचा ताण तपास यंत्रणेवरच येऊन ती आणखी मंदावली. मग आपोआप इमारतसमूह बदलण्याची सोय जागी झाली आणि तिने एकेका ठिकाणची चांगली क्षमताही बाद करायला सुरुवात केली.

एकाच दिवसात पत्ते आपोआप काढून टाकणारी ही दुसरी यंत्रणा. दुपारची चूक शिळ्या माहितीवर विश्वास ठेवल्याने झाली, संध्याकाळची अपुऱ्या माहितीवर.

रात्री १०.०६ (सकाळी ९.३६)

अभियंत्यांनी एनएलबीची ही स्वयंचलित सोय बंद केली. तपासनीस काहीही म्हणोत, उपलब्ध असलेली सर्व चांगली यंत्रे कामाला लावा, असा त्याचा अर्थ. ग्राहकांच्या जोडण्या सुधारल्या. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारचे साडेबारा झाले होते. सोमवारच्या कामाचा अर्धा दिवस गेला होता.

रात्री ११.०६ (सकाळी १०.३६)

नेटवर्कची माहिती पोचवण्याचा वेग पूर्ववत झाला. ११.५३ पासून कामावर घातलेला आवर टप्प्याटप्प्याने सैल करण्यात आला. सगळे दरवाजे एकदम उघडले असते तर दुपारचाच तमाशा पुन्हा झाला असता.

मंगळवार, पहाटे २.२० (सोमवार, दुपारी १.५०)

ईसी२ पूर्ण सुरळीत. २.३९ ला एनएलबीची बंद केलेली स्वयंचलित सोय पुन्हा चालू. २.५० ला कंटेनर चालवणाऱ्या सेवा सावरल्या आणि मुख्य घटना संपली. काही सेवांमध्ये मात्र तुंबलेले काम उरले होते. रेडशिफ्ट या सेवेतले शेवटचे काही अडकलेले डेटाबेस मोकळे झाले तेव्हा आपल्याकडे मंगळवारचे दुपारचे ४.३५ झाले होते आणि घरोघर लक्ष्मीपूजनाची तयारी चालली होती.

हिशेब

घटनेनंतर एडब्ल्यूएसने प्लॅनर आणि एनॅक्टर यांचे स्वयंचलित काम जगभरातल्या सर्व विभागांत थांबवले. ती फट बुजवून आणि चुकीचा आराखडा लागू नये अशी तजवीज करूनच ते पुन्हा सुरू करायचे ठरले. एनएलबीला एका वेळी किती क्षमता काढून टाकता येईल यावर मर्यादा घालण्याचे जाहीर झाले. ईसी२ साठी, रांगेची लांबी पाहून कामाला आपोआप आवर घालायचा आणि लीज पुन्हा जोडण्याच्या कामाची मोठ्या प्रमाणावर चाचणी घ्यायची, असे ठरले.

यातले शेवटचे कलम आधीच अमलात असायला हवे होते, कारण इशारा दहा वर्षे जुना होता. २० सप्टेंबर २०१५ रोजी याच विभागात, याच डायनॅमोडीबीत, नेटवर्क थोडा वेळ अडखळले. ते सावरल्यावर साठवणीच्या सर्व्हरांनी आपली कामाची वाटणी विचारायला मध्यवर्ती सेवेकडे एकदम धाव घेतली. उत्तरे वेळेत येईनात, वेळ टळली म्हणून सर्व्हर पुन्हा विचारू लागले आणि ती सेवा त्या गर्दीखाली दबली. शेवटी विनंत्या थांबवून तिची क्षमता वाढवावी लागली. २०२५ मध्ये पात्रे बदलली, प्रसंग तोच राहिला.

त्याहून जुना इशारा डीएचसीपीच्या नियमग्रंथातच आहे. इमारतीची गेलेली वीज परत आली की सगळे संगणक एकाच क्षणी जागे होऊन पत्ता मागतील, हे १९९७ साली ध्यानात घेतलेले होते. म्हणून नियम असा की यंत्राने जागे झाल्यावर एक ते दहा सेकंदांत मनाला येईल तेवढे थांबावे आणि मगच पत्ता मागावा. उत्तर आले नाही तर साधारण चार सेकंदांनी, मग आठ, मग सोळा, असे चौसष्टपर्यंत अंतर वाढवत जावे, आणि दर वेळी त्या अंतरात एखाद्या सेकंदाचा मागेपुढे फरक करावा, म्हणजे दोन यंत्रांची पुन्हा पुन्हा टक्कर होणार नाही. आपल्या घरातला स्वस्तातला स्वस्त मोबाइलही याच जातीचे नियम पाळतो.

तेव्हा दोषाची वाटणी सरळ आहे. पत्ता पुसला जाणे ही दोन तास सदतीस मिनिटांची चूक. अशा चुका होत राहणार, कारण लाखो नोंदी हाताने सांभाळायचे दिवस परत येणार नाहीत आणि येऊही नयेत. उरलेले बारा तास पुन्हा उभे राहण्याची तालीम नसल्याचे आहेत. सर्व लीज एकाच वेळी संपल्या तर काय, हा प्रश्न कुणीतरी आधी विचारून त्याचे उत्तर कागदावर ठेवले असते तर त्यातले बरेच वाचले असते.

हा प्रश्न एडब्ल्यूएसपुरता नाही. तुमच्या कार्यालयात, शाळेत, दवाखान्यात, पतसंस्थेत पत्ते वाटणारा एक सर्व्हर किंवा राउटर कुठल्यातरी कपाटात आहेच. त्याची लीज किती मुदतीची आहे ते विचारा. विंडोज सर्व्हरवर ती मुळात आठ दिवसांची असते. सर्व्हर रविवारी रात्री मेला तर नव्याने येणारी यंत्रे लगेच अडतात, पण जुनी यंत्रे काही दिवस बिनबोभाट चालत राहतात, म्हणून कुणी लक्ष देत नाही. आणि मग ती एकेक करून गळू लागतात. लीज तासाभराची ठेवली तर बिघाड लगेच कळतो, पण दुरुस्तीला तासच मिळतो. दोन्हीपैकी काय परवडेल ते आधी ठरवा. संगणकाचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होताना दिसला तर समजा की त्याला पत्ता देणारे कुणी भेटलेले नाही. तेव्हा केबल बदलत बसू नका, सर्व्हर पाहा. पत्ते वाटणारा दुसरा सर्व्हर तयार ठेवा, पण दोघांच्या याद्या एकमेकींत घुसणार नाहीत किंवा दोघे एकमेकांशी बोलून पत्ते देतील, याची खात्री करून. व्हर्जिनियात तीन एनॅक्टर होते आणि तिघांचे एकमेकांशी बोलणे नव्हते, हे विसरू नका.

आणि वर्षातून एकदा, सुट्टीच्या दिवशी, सगळे बंद करून सगळे पुन्हा चालू करून पाहा. आधी काय लावायचे, मग काय, किती थांबायचे, हे कागदावर लिहा आणि तो कागद छापून भिंतीवर लावा. त्या दिवशी नेटवर्क बंद असेल, त्यामुळे संगणकातली प्रत उघडणार नाही.